पाणी मुरेपर्यंत

सकाळी दिवाणखान्यातला पडदा सरकवताना तिला वाटलं, माशांच्या टाकीत कुणीतरी चमचाभर दूध ओतलंय. कुणीतरी म्हणजे नवराच, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं आणि न सांगता कुठेही काहीही ओतायची सवय त्यालाच होती. पण ते दूध नव्हतं. पाणीच पांढुरकं झालं होतं, चष्म्याच्या काचेवर वाफ धरते तसं. त्या पांढुरकेपणात साहेब अगदी वर, पाण्याच्या कडेला ओठ टेकवून, एका कोपऱ्यात उभे होते. साहेब म्हणजे मनीचा गोल्डफिश. दिवसभर तोंडाची उघडझाप चालू आणि ऐकायला काही येत नाही, म्हणून साहेब. एरवी ते ही उघडझाप सगळीकडे फिरत, पाहणी केल्यासारखी करायचे. आज जागच्या जागी आणि घाईघाईने करत होते. टाकीत आणखी दोन काळे मोली मासे होते, त्यांना कारकून म्हणत. एक कारकून साहेबांच्या शेजारी तसाच वर तोंड करून लागलेला, दुसरा खाली, नव्या पांढऱ्याशुभ्र खड्यांवर आडवा. पडद्याची दोरी हातात धरून ती तशीच उभी राहिली. वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावीच, तसं काहीतरी झालं. आणि मग मनात आलं, संध्याकाळी मनी येणार.

"कारकून गेला," ती म्हणाली.

"कुठल्या खात्यातला?" नवऱ्याने तोंडातला ब्रश न काढता विचारलं.

मग तो येऊन टाकीपुढे वाकला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे कुठल्याही अडचणीपुढे वाकून आधी बटण दाबून बघणं हा त्याचा स्वभाव होता. त्याने पंपाचं बटण बंद केलं, चालू केलं. पंप गुरगुरला, बुडबुडे वर गेले. "मोटर चालू आहे," तो समाधानाने म्हणाला. "म्हणजे दोष मशीनचा नाही. माणसाचा." हे वाक्य तो रोज कुठल्या ना कुठल्या इमारतीत कुणाला तरी ऐकवायचा. त्यात टोमणा नव्हता. तिला मात्र ते दिवसभर पुरलं. "मनीला मी सांगतो," तो तोंड धुऊन आल्यावर म्हणाला. "काय सांगशील?" "की मासे मरतात." "हे तिला माहीत आहे." "मग सांगायचं तरी कशाला?" असं म्हणून त्याने पायात बूट घातले आणि तो गेला. दरवाजाशी थांबून एवढं मात्र म्हणाला, "तू नको मनाला लावून घेऊस गं." तिने मान डोलावली. मनाला लावून घ्यायचं की नाही याचं बटण कुठे असतं, ते त्याला विचारायला हवं होतं.

मनी त्याची मुलगी. तान्ही असताना ओरबाडायची म्हणून मनी. आता दहावी झाली तरी तेच. ती बाबाला अरे-तुरे करायची, आईला तू म्हणायची, साहेबांना तर तूच, आणि दर वेळी मधेच थांबणाऱ्या त्यांच्या इमारतीच्या लिफ्टलासुद्धा "चल ना गं तू" म्हणायची. अख्ख्या घरात तुम्ही फक्त बाबाच्या ह्या दुसऱ्या बायकोला. तुम्ही जेवलात का, तुम्ही चावी नेताय ना, तुमचा फोन वाजतोय. तक्रार करावी असं त्यात काहीच नव्हतं. पाहुणे तर म्हणायचे, किती वळणाची आहे मुलगी. लग्न झालं तेव्हा मनीने तिला काय म्हणायचं यावर मोठी माणसं बरीच बोलली होती. कुणी मावशी सुचवलं, कुणी काकू, आणि एकाने तर नुसत्या नावाने हाक मारू दे म्हटलं. मनीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि काहीच म्हणायचं नाही असं ठरवलं. तेव्हापासून ती हाक न मारता बोलायची, समोर येऊन उभी राहायची आणि सरळ क्रियापदापासून सुरुवात करायची. येताय का. बघितलंत का. नावाची आणि नात्याची जागा तिने इतक्या सफाईने मोकळी ठेवली होती की बाबाला ती रिकामी आहे हेही कधी कळलं नाही.

दिवाणखान्यातली मोठी टाकी मनीने नव्हे, तिने आणली होती. जुनी टाकी बुटांच्या खोक्यापेक्षा थोडीच मोठी, मनीच्या अभ्यासाच्या टेबलावर. ती मनीच्या आईने घेतलेली, हे घर सोडायच्या आदल्या वर्षी. मनीची आई आता दुसऱ्या शहरात होती, तिथलं तिचं काम, तिथलं तिचं घर. रविवारी फोन करायची. बाई वाईट नव्हती. बोलायला लागली की चांगली वाटायची, हाच काय तो त्रास. मधल्या वर्षांत साहेब हाताच्या पंज्याएवढे झाले आणि त्या खोक्यात त्यांना वळायचं म्हणजे शेपटी काचेला घासायला लागली. तेव्हा तिने न विचारता पगारातून मोठी टाकी आणली, दिवाणखान्यात भिंतीशी मांडली आणि मनीला दाखवली. मनी टाकीभोवती हळूहळू फिरली. काचेवरून बोट फिरवलं. "चालेल," ती म्हणाली. चालेल म्हणजे मनीच्या भाषेत फार झालं. सुट्टीला आईकडे जायला निघाली तेव्हा पाठीवर पिशवी, कानात ते गाण्यांचे इअरबड, आणि दारातून वळून म्हणाली, "तुम्ही हलवा त्यांना नवीन टाकीत. फक्त जुनी घाण तशीच राहू द्या." का ते सांगितलं नाही. मनी तिला का कधीच सांगत नसे. आणि तिनेही विचारलं नाही, कारण ते ऐकून तिला हसूच आलं. जिच्या गादीखाली मोजे सापडतात, जिच्या पिशवीत मागच्या सत्रातलं केळ्याचं साल मिळतं, ती मुलगी घाण राहू द्या म्हणणार नाही तर कोण म्हणणार.

घाण राहू देणं तिला जमलं असतं तर तिचं पोटच भरलं नसतं. ती हॉस्पिटलात काम करायची, ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायच्या विभागात. तिथे मळकी बाजू आणि स्वच्छ बाजू अशा दोन खोल्या होत्या, मधे भिंतीत खिडकी. मळक्या बाजूने कात्र्या, चिमटे, पकडी यायच्या, धुतल्या जायच्या, कागदात बांधल्या जायच्या, वाफेच्या यंत्रात जायच्या, आणि स्वच्छ बाजूने बाहेर पडायच्या त्या कुठलाही भूतकाळ नसल्यासारख्या. पाकिटावर एक टेप लावायची असते. तिच्यावरच्या फिकट रेघा यंत्रातून निघाल्यावर काळ्या होतात. काळ्या रेघा दिसल्या की आत जिवंत काही उरलेलं नाही असं धरायचं. इतकी वर्षं झाली तरी त्या रेघा काळ्या झालेल्या पाहिल्या की तिला आत कुठेतरी शांत वाटायचं. देवळातून बाहेर आल्यावर लोकांना वाटतं म्हणतात, तसं असावं. तर, जुन्या टाकीतला गाळणीचा स्पंज तिने काढला तेव्हा तो तपकिरी होता, बुळबुळीत, आणि त्याला वास होता. ओल्या मातीचा, पण मातीने काहीतरी लपवलं असावं तसा. तिने तो नळाखाली धरला, पिळला, पुन्हा पिळला. पाणी काळं येतच राहिलं. मग तिने तो हॉस्पिटलात नेला. चुकीचंच होतं ते, तिला माहीत होतं. पण कोपऱ्यातलं जुनं छोटं यंत्र दर आठवड्याला रिकामं चालवून बघायचं असतं, त्या फेरीत तिने स्पंज कागदात नीट बांधून, टेप लावून, ठेवून दिला. जुने खडे तिने टाकून दिले. नवे खडे उकळत्या पाण्यातून काढले. पाणी बादल्यांत दिवसभर उघडं ठेवून त्यातला औषधाचा वास जाऊ दिला. सगळं इतकं रीतसर झालं होतं की नवीन टाकीत साहेबांना सोडताना तिच्या मनात, मनी हे बघेल, असं येऊन गेलं होतं.

आज हॉस्पिटलात यंत्राचं दार उघडून तोंडावर गरम हवा घेताना तिला सारखी तिची आई आठवत होती. वडील पाइप जोडायचे. जिथे काम निघेल तिथे बिऱ्हाड हलायचं. नवीन घरात शिरल्यावर आई सामान उतरवून द्यायची नाही. आधी फरशी, मग भिंती हाताला पोचतील तिथपर्यंत, मग खिडक्यांचे गज. "कोण कोण राहून गेलंय देवाला ठाऊक," असं म्हणत ती आधीच्या माणसांना घासून काढायची. फिनेलच्या वासात सगळे भिंतीला पाठ न टेकवता जेवायचे. तो वास जाऊन घराला स्वतःचा वास येऊ लागायचा, म्हणजे कपाटाला आपल्या कपड्यांचा, कोपऱ्याला आपल्या अंथरुणाचा, की वडील म्हणायचे, तिकडे काम निघालंय. लहानपणी तिला वाटायचं, घर हे असंच असतं, फिनेलने सुरू होतं आणि वास यायला लागला की संपतं. मग पुढे भाड्याच्या खोल्या, बायकांची वसतिगृहं, सगळीकडे तिने तेच केलं. आणि लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा पहिल्या रविवारी पडदे धुतले, सोफ्याचे अभ्रे धुतले, स्वयंपाकघरातल्या बरण्यांच्या बुडाचा चिकटा खरवडला, आणि मनीच्या पलंगावर एक कापडी हत्ती होता, त्याची सोंड चघळून काळी झालेली, तोही धुतला. साबणात भिजवून, उन्हात वाळवून. हत्ती मूळचा निळा होता हे तेव्हा सगळ्यांना कळलं. मनी तेव्हा केवढीशी होती. तिने हत्ती दोन्ही हातांत घेतला, नाकाशी नेला, आणि म्हणाली, "थँक्यू." त्या रात्रीपासून हत्ती कपाटावर बसला. अजून तिथेच होता. धूळ बसली की ती तो झटकून पुन्हा ठेवायची, आणि दर वेळी तिला वाटायचं की ह्या हत्तीबद्दल काहीतरी राहून गेलंय, पण काय ते तिला कधी सापडलं नव्हतं.

काम संपल्यावर ती माशांच्या दुकानात गेली. अरुंद दुकान, दोन्ही बाजूंना टाक्याच टाक्या, आत शिरलं की आपणच काचेत शिरल्यासारखं वाटायचं. मासेवाला जाडजूड, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. त्याने तिचं ऐकून घेतलं, ऐकताना एका टाकीतून गोगलगाई वेचत होता.

"पाणी मुरलं नाही ताई," तो म्हणाला.

"मुरलं नाही म्हणजे?"

"लोक म्हणतात ना, कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणजे घोटाळा आहे. आमच्या धंद्यात उलटं. पाणी मुरलं नाही की घोटाळा." आपल्याच बोलण्यावर तो हसला. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत असणार. "मासा खातो, मासा घाण करतो. त्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते विष खाणारे जंतू असतात. पण ते खाऊन जे टाकतात, तेही विषच. मग ते खाणारे आणखी दुसरे. दोन पाळ्या लागतात, पहिल्या पाळीचे आणि दुसऱ्या पाळीचे. तेव्हा कुठे मासा सुखाने जगतो. आता हे सगळे राहतात कुठे? पाण्यात नाही राहत. खड्यांवर, काचेवर, आणि जास्त करून स्पंजात. जुना स्पंज लावलात ना?"

"तोच लावला."

"मग व्हायला नको होतं असं. धुतलात? माशाच्याच पाण्यात पिळायचा असतो, हलक्या हाताने."

"वाफेत ठेवला."

"वाफेत?"

"हॉस्पिटलात काम करते मी. एकशे एकवीस अंशांवर."

मासेवाल्याने गोगलगाय परत टाकीत ठेवली. तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. "म्हणजे तो आता ऑपरेशनला चालेल," तो म्हणाला. हसला नाही. "तुम्ही मारता, मी पाळतो. दोघांची पोटं जंतूंवरच." तिला जंतू ठाऊक होते, त्यांची लॅटिन नावं, कोण किती वेळात मरतो, कोण कवच करून चिवटपणे उरतो. कुणी त्यांची वाट बघतं हे ठाऊक नव्हतं. मासेवाल्याने मागच्या मोठ्या टाकीतून एक स्पंज काढला, तपकिरी, बुळबुळीत, आणि कात्रीने त्याचा अर्धा कापून टाकीतल्याच पाण्यासकट पिशवीत घालून गाठ मारली. "सुकू देऊ नका. नळाखाली तर धरूच नका. घरी जाऊन गाळणीत कोंबा. थोडं थोडं पाणी बदलत राहा, खाणं जवळजवळ बंद. पहिल्या पाळीचे लवकर येतात, दुसऱ्या पाळीचे सावकाश. मधल्या काळात काय होईल ते होईल." किती दिवस, तिने विचारलं. "मुरेपर्यंत," तो म्हणाला, आणि गोगलगाई वेचायला लागला.

बसमध्ये तिने पिशवी मांडीवर, दोन्ही हातांत धरली. शेजारच्या बाईने एकदा नाक मुरडलं आणि जरा सरकली. पातळ प्लॅस्टिकमधून गारवा बोटांना लागत होता. असं काही दोन्ही हातांत जपून न्यायचं तिला तसं नवीन नव्हतं. पण एरवी तिच्या हातातल्या पाकिटात काहीही जिवंत नसल्याची खात्री असायची, आणि ती खात्री हीच तिची किंमत होती. आता ह्या पिशवीत काय आहे, किती आहे, ते तिथे राहायला कबूल होईल का, याचा कसलाच पुरावा नव्हता. रेघा काळ्या होणार नव्हत्या. सिग्नलला बस थांबली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, मनीला काय सांगायचं ते तिने ठरवलेलंच नाही. पंप बिघडला म्हणता येईल. नवीन पाणी सोसलं नाही म्हणता येईल. नवरा तर काहीही न विचारता हो म्हणेल. मनीसुद्धा ऐकून घेईल, "असू दे" म्हणेल, अगदी वळणदारपणे, आणि खोलीत जाईल. आणि साहेबांचं बरंवाईट झालं तर टाकी तिथेच राहील, मोठी, स्वच्छ, दिवाणखान्यात.

मनी तिच्या आधीच येऊन पोचली होती. पिशवी पाठीवर तशीच, बूट पायात तसेच, टाकीसमोर गुडघ्यांवर बसलेली. बाबा एका अडकलेल्या लिफ्टपाशी अडकला होता. टाकीजवळ एका बशीत कारकून होता. सकाळी तिने बशीवर वाटी उपडी घातली होती, ती आता बाजूला होती.

"हा धाकटा," मनी मागे न बघता म्हणाली. ते दोघे वेगवेगळे आहेत, आणि त्यांतला एक धाकटा आहे, हे तिला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. "पाणी दुधाळ झालंय. स्पंज नवीन लावलात का?"

"नाही. जुनाच आहे."

"मग? घाण राहू दिलीत ना?"

पंप, नवीन पाणी, सगळं जिभेवर होतं. "वाफेत घालून आणला," ती म्हणाली. "हॉस्पिटलातून."

मनी वळली. तिच्या तोंडावर आधी काहीच नव्हतं, न कळलेलं वाक्य पुन्हा वाचावं तसं नुसतं एक थांबणं. "यंत्रात?" ती म्हणाली. "तू तो यंत्रात घातलास? अगं मी सांगितलं होतं ना! एक गोष्ट सांगितली होती, एक! तू ऐकतच नाहीस. तुला ना, जे दिसेल ते धुवायचं असतं. पडदे धू, बरण्या धू. हत्तीपण धुतलास!"

"त्याला वास येत होता," ती म्हणाली. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"हो मग! तोच तर होता!"

मनीच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. स्पंजाची पिशवी हातात धरून ती तशीच उभी होती आणि तिच्या डोक्यात, रागाचं काय करायचं, माशांचं काय करायचं, हत्तीचं काय करायचं हे सगळं सोडून, भलतंच चाललं होतं. तू. माणूस देवाला तू म्हणतो, आईला तू म्हणतो, आणि कडाकडा भांडताना समोरच्याला तू म्हणतो. तिन्हींना शब्द एकच, वेगळा काढून ठेवायची कुणाला गरजच वाटलेली नाही. ह्यातला हा कुठला, हे त्या शब्दाकडे कितीही निरखून पाहिलं तरी कळायला मार्ग नव्हता. तिने पिशवी पुढे केली.

"हे काय?"

"घाण," ती म्हणाली. "दुकानातून आणली."

मनीने पिशवीची गाठ सोडली, नाक आत घातलं. वास घेतला. पुन्हा घेतला. तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. हसू म्हणावं इतकं ते नव्हतं. "मस्त सडकाय," ती म्हणाली. पाठीवरची पिशवी खाली टाकली, बाह्या वर केल्या.

मग सगळंच घाईत झालं. मनीने गाळणी उघडली, तो निर्जंतुक स्पंज काढून बाजूला फेकला, त्याच्या जागी तपकिरी तुकडा बसवला. बसवायच्या आधी तो टाकीतल्या पाण्यात एकदा हलकेच दाबला, आणि त्यातून तपकिरी ढग सुटून साहेबांच्या अंगावरून गेला. इतकी वर्षं जे तिने नळाखाली धरून पळवून लावलं, ते तिने डोळ्यांनी पाण्यात पसरताना पाहिलं. "बादली आण," मनी म्हणाली. "ती नको, मोठी. धर. अशी नको गं, वर धर, वर. नळी सोडू नकोस." तिने धरली. नळीतून पांढुरकं पाणी बादलीत पडत राहिलं, फरशीवर उडत राहिलं, तिच्या साडीच्या काठाला लागलं. मग सकाळी भरून ठेवलेल्या बादलीतलं पाणी दोघींनी तांब्याने, टाकीच्या कडेकडेने, आवाज न करता ओतलं. मनी मधेच साहेबांशी बोलत होती. "थांब रे जरा. थांब तू. येतायत ते." साहेब वरच होते. उघडझाप किंचित सावकाश झाली असावी, किंवा तिला तसं वाटलं असावं. थोरला कारकून मात्र एकदा खाली जाऊन परत आला.

"जगतील?" तिने विचारलं.

"काय माहीत." मनीने ओले हात पँटला पुसले आणि टाकीपुढे मांडी घालून बसली. संध्याकाळचा उजेड काचेतून तिच्या गालावर पडला होता, हिरवट, हलता. राग गेला होता की नुसता खाली बसला होता, सांगता येत नव्हतं. फरशीवर सगळीकडे तपकिरी थेंब, बुटांचे ठसे. तिचा हात सवयीने कोपऱ्यातल्या फडक्याकडे गेला.

"राहू दे ते," मनी टाकीकडेच बघत म्हणाली. आणि जरा वेळाने, "दमला असाल. तुम्ही चहा घ्या." आणि त्याच श्वासात, मान न वळवता, "मलापण अर्धा कप दे."

मनीला आपण काय बोललो ते कळलेलं नव्हतं. ती काचेला नाक लावून बसली होती. आता जरासं खाकरलं, नुसतं "काय म्हणालीस?" असं विचारलं, तरी ती मागे वळून शब्द नीट लावेल, एकसारखे करेल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. ती काहीच बोलली नाही. फडकं जागेवरच राहू दिलं, आणि तपकिरी थेंब चुकवत, ते न पुसता, पावलांचा आवाज न करता स्वयंपाकघरात गेली.